पोलिसांच्या हातात लष्करी रायफल द्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे अंदाधुंद गोळीबार झाला की लोक म्हणतात पोलिसांना भारी हत्यारं द्या, आणि महिन्याभरात कुठल्यातरी मोर्चासमोर रायफल रोखून उभ्या असलेल्या पोलिसाचा फोटो आला की तेच लोक म्हणतात हे काय चाललंय, हे पोलिस आहेत की सैन्य. दोन्ही वेळचा राग खरा असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. रायफल पोलिसांकडे असावी, पण गाडीतल्या कुलुपात असावी, मोजक्या आणि नीट तयार केलेल्या माणसांकडे असावी, आणि गर्दीसमोर ती बाहेर निघू नये.

लष्करी रायफल म्हणजे नेमकी कुठली?

बहुतेक वेळा ए-आर १५च्या घराण्यातली, ५.५६ मिलिमीटरची. दिसायला सैन्याच्या एम-४ सारखीच, फरक इतकाच की पोलिसांना मिळते ती बऱ्याच ठिकाणी सेमी-ऑटोमॅटिक असते, म्हणजे एकदा ट्रिगर ओढला की एकच गोळी, सैन्याच्या रायफलीत बर्स्ट किंवा फुल ऑटोची, म्हणजे एकदा ट्रिगर ओढून दोन-तीन किंवा सलग गोळ्या झाडायची सोय असते. काही देशांत पोलिसांकडे थेट सैन्याचीच एके किंवा एम-१६ असते. काळा रंग, वर दुर्बीण, पट्टा, या दिसण्यावरून भांडण्यात काही अर्थ नाही. गोळी किती लांब जाते, कशातून आरपार जाते आणि ती कोण झाडतंय, एवढं बघायचं.

पिस्तूल असतंच ना पोलिसांकडे, मग भागत का नाही?

रोजच्या कामात भागतं, आणि खरं सांगायचं तर रोजच्या कामात पिस्तूलही बाहेर काढावं लागत नाही. अडतं ते दोन ठिकाणी.

एक म्हणजे अंतर. पिस्तूल दोन हातांवर धरलेलं असतं, छातीत धडधड होत असताना पंचवीस-तीस मीटरच्या पुढे त्याने नेम साधणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि नेम चुकलेली प्रत्येक गोळी कुठेतरी जाऊन लागतेच. रायफल खांद्याला टेकते, गालाला टेकते, दोन्ही हातांत असते, त्यामुळे शंभर मीटरवर सुद्धा बरा शिकलेला माणूस नेमकं मारू शकतो. रायफल हवी म्हणणाऱ्यांचा सगळ्यात पटणारा मुद्दा मला हाच वाटतो, की कमी गोळ्यांत काम होतं, त्यामुळे आजूबाजूच्यांना धोका कमी.

दुसरं म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेट. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० ते ४०० मीटर जाते, ५.५६ रायफलची ९०० च्या आसपास, आणि ताकद तिपटीहून जास्त. अंगात घालायचं साधं मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलची नाही अडवत, तिला आत कडक प्लेट लागते. म्हणजे समोरच्याने जॅकेट घातलं असेल तर तुमचं पिस्तूल जवळपास निकामी, आणि त्याच्याकडे रायफल असेल तर तुमचं जॅकेट निकामी.

ही मागणी सुरू कुठून झाली?

अमेरिकेत १९८६ साली मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन लुटारूंना घेरलं, त्यातल्या एकाकडे मिनी-१४ रायफल होती, दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. पण सगळ्यांच्या डोक्यात बसलं ते २८ फेब्रुवारी १९९७ चं नॉर्थ हॉलिवूड. लॉस एंजेलिसच्या या भागात दोघांनी बँक लुटली, अंगावर जाड चिलखत, हातात ऑटोमॅटिक केलेल्या रायफली, आणि बाहेर पोलिसांकडे ९ मिलिमीटरची पिस्तुलं आणि शॉटगन. टीव्हीवर लाइव्ह दिसत होतं की पोलिसांच्या गोळ्या लागतायत आणि माणूस चालतोच आहे. जवळपास पाऊण तास हे चाललं, लुटारूंनी हजाराहून जास्त गोळ्या झाडल्या, काही पोलिसांनी तर शेवटी जवळच्या बंदुकीच्या दुकानात जाऊन रायफली मागून आणल्या. एक लुटारू रस्त्यावरच मेला. दुसरा गाडीआड होता, त्याला स्वॅटच्या, म्हणजे पोलिसांच्या खास सशस्त्र पथकाच्या लोकांनी गाडीच्या खालून पायांवर गोळ्या घालून पाडलं, कारण चिलखत नसलेला भाग तेवढाच हाती लागत होता. लुटारू सोडून कोणी मेलं नाही हे नशीब, जखमी मात्र बरेच झाले.

मग १९९९ ला अमेरिकेतल्याच कोलंबाइन शाळेतला गोळीबार, तिथे गस्तीवरचे पोलिस बाहेर थांबून स्वॅटची वाट बघत राहिले आणि आत मुलं मरत होती, त्यानंतर नियमच बदलला की जो पहिला पोहोचेल त्याने आत शिरायचं. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्टेशनवर दोघे एके घेऊन गोळ्या झाडत सुटले आणि समोर पोलिसांकडे जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या, त्यांनी त्याही अवस्थेत तोंड दिलं. पॅरिसमध्ये १३ नोव्हेंबर २०१५ ला बाताक्लां थिएटरमध्ये सगळ्यात आधी शिरलेला पोलिस अधिकारी आणि त्याचा ड्रायव्हर, दोघांकडे फक्त पिस्तुलं होती, तरी त्यांनी एका हल्लेखोराला पाडलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सने अशा पथकांना जी-३६ रायफली दिल्या. मुंबईनंतर महाराष्ट्रात फोर्स वन हे पोलिसांचं कमांडो पथक उभं राहिलं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. स्पेशल पथक यायला वेळ लागतो आणि माणसं पहिल्या काही मिनिटांत मरतात. म्हणून रायफल फक्त स्पेशल पथकाकडे ठेवून चालत नाही, ती गस्तीच्या काही गाड्यांमध्ये तरी लागतेच.

म्हणजे रायफल दिली की प्रश्न सुटला?

नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमधलं युवाल्डी, २४ मे २०२२. एका शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलिस आणि अधिकारी जमले होते, रायफली होत्या, ढाली आल्या, आणि तरी पहिला पोलिस आत आल्यापासून त्या वर्गात शिरेपर्यंत ७७ मिनिटं गेली. आतून मुलं फोन करून पोलिसांना बोलावत होती. समोरच्याकडे रायफल आहे या भीतीने रायफलवाले कॉरिडॉरमध्ये थांबले, कमांड कोणाची हे कोणाला माहीत नव्हतं, दाराची किल्ली शोधण्यात वेळ गेला आणि ते दार बहुतेक उघडंच होतं असं नंतरच्या चौकशीत निघालं.

मला या घटनेवर लिहिताना अजूनही त्रास होतो. जे लोक म्हणतात हत्यार द्या बाकी सगळं आपोआप होईल, त्यांनी युवाल्डीचा अहवाल शेवटपर्यंत वाचावा. पॅरिसला दोन पिस्तुलं घेऊन माणसं आत गेली, इथे कॉरिडॉर भरून रायफली असून कोणी गेलं नाही. आत जायचा निर्णय ट्रेनिंगमधून आणि स्पष्ट हुकमातून येतो.

रायफलची गोळी भिंतीतून आरपार जाऊन भलत्यालाच लागत नाही का?

इथे उत्तर थोडं अनपेक्षित आहे. ५.५६ ची गोळी हलकी आणि खूप वेगवान असते, त्यामुळे योग्य प्रकारची गोळी वापरली तर ती पातळ भिंतीवर आदळून कलंडते किंवा तुटते, आणि कधी कधी पिस्तुलाच्या जड गोळीपेक्षा कमी भिंती पार करते. पोलिस खाती हे सांगतात ते खोटं नाही. पण ते गोळीच्या प्रकारावर आहे, सैन्यातून आलेली साधी पूर्ण आवरणाची गोळी आणि पोलिसांसाठी बनवलेली पसरणारी गोळी यांत खूप फरक पडतो. आणि गोळी कमी भिंती पार करते म्हणजे एकही पार करत नाही असं नाही.

२३ डिसेंबर २०२१, पुन्हा नॉर्थ हॉलिवूडच, कपड्यांचं एक दुकान. एक माणूस सायकलच्या जड कुलपाने बायकांना मारत होता, कोणीतरी फोनवर गोळीबार होतोय असंही सांगितलं होतं जे खरं नव्हतं. पोलिस आत गेले, रायफलवाला अधिकारी पुढे पुढे जात राहिला, मागून सहकारी त्याला हळू, हळू म्हणत होते, ते बॉडी कॅमेऱ्यात ऐकू येतं. संशयित दिसताक्षणी त्याने तीन गोळ्या झाडल्या. त्यातली एक जमिनीवर आपटून मागच्या भिंतीतून ट्रायल रूममध्ये गेली आणि तिथे आईबरोबर लपलेली चौदा वर्षांची मुलगी मारली गेली. त्या माणसाकडे बंदूक नव्हतीच. पोलिसांवर देखरेख करणाऱ्या कमिशनने पहिली गोळी नियमात बसते आणि पुढच्या दोन बसत नाहीत असं ठरवलं.

ज्या भागातल्या घटनेने सगळ्या अमेरिकेतल्या पोलिसांना रायफली मिळाल्या त्याच भागात चोवीस वर्षांनी हे झालं. माझ्यासाठी या वादातल्या दोन्ही बाजू इथेच आहेत.

रायफल हातात आली की पोलिसाचं वागणं बदलतं का?

बदलतं, आणि त्यामागे एक अगदी साधं कारण आहे ज्याकडे कोणी बघत नाही. रायफलला दोन्ही हात लागतात. पिस्तूल कमरेच्या कव्हरात गेलं की हात मोकळे, मग माणसाला धरता येतं, बेड्या घालता येतात, हात दाखवून शांत हो म्हणता येतं, जखमीची जखम दाबून धरता येते. रायफलवाल्याला यातलं काहीच धड करता येत नाही, पट्ट्याने मागे टाकली तरी ती झुलत राहते आणि झटापटीत समोरच्याच्या हातात जायची भीती असते. म्हणून रायफलवाला सगळं तोंडी हुकमाने करायला लागतो, गुडघ्यावर ये, हात वर, रांगत ये, आणि हुकूम जरा चुकला की उरतं फक्त ट्रिगर.

ॲरिझोनातल्या मेसा शहरात जानेवारी २०१६ मध्ये हेच झालं. हॉटेलच्या खिडकीतून कोणीतरी रायफल रोखतोय असा फोन आला. खोलीत होती ती कामासाठी वापरायची छऱ्याची बंदूक, कीड-पाखरं मारायचं काम करणारा माणूस होता. कॉरिडॉरमध्ये त्याला आडवं पाडलं, मग एक अधिकारी ओरडून एकामागून एक उलटसुलट हुकूम सोडत राहिला, पाय क्रॉस कर, हात वर ठेव, आता रांगत ये, चुकलास तर गोळी घालू. तो रडत होता, मारू नका म्हणत होता, रांगताना त्याचा हात कमरेकडे गेला आणि दुसऱ्या पोलिसाने ए-आर १५ मधून पाच गोळ्या झाडल्या. तो निःशस्त्र होता. ज्युरीने त्या पोलिसाला २०१७ मध्ये निर्दोष सोडलं.

व्हिडिओ बघवत नाही. पण पोलिसांना रायफल देण्याच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे मी सुद्धा, तो एकदा बघायला हवा असं मला वाटतं. निदान इतका नियम तरी हवाच की रायफलवाला एकटा पुढे जाणार नाही, बोलणारा एकच असेल, आणि बेड्या घालायला मोकळ्या हाताचा सहकारी बरोबर असेल.

मोर्चा, आंदोलन, दंगल अशा ठिकाणी?

नको. यात मला मधला रस्ता दिसत नाही.

२०१४ ला अमेरिकेत फर्ग्युसनला पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला, लोक रस्त्यावर आले, आणि चिलखती गाडीच्या टपावर बसून पोलिस रायफलीच्या दुर्बिणीतून गर्दी न्याहाळत होते. नंतर अमेरिकेच्या न्याय खात्यासाठी झालेल्या पाहणीत हे चुकीचं होतं असं स्पष्ट लिहिलं गेलं. बंदूक हाताळायला शिकताना पहिल्या दिवशी सांगतात की ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. नुसतं बघायचं असेल तर साधी दुर्बीण आहे ना. तमिळनाडूत तुतिकोरिनला मे २०१८ मध्ये स्टरलाइट कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिस गोळीबारात १३ जण गेले, साध्या कपड्यातला पोलिस गाडीच्या टपावरून लांब रायफलने नेम धरतोय तो व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला, आणि चौकशी आयोगाने पुढे पोलिसांवर ठपका ठेवला.

संयुक्त राष्ट्रांची १९९० सालची जी तत्त्वं आहेत पोलिसांच्या बळवापराबद्दल, त्यात स्पष्ट आहे की बंदूक फक्त कोणाचा तरी जीव जायची किंवा गंभीर इजा व्हायची वेळ समोर उभी असेल तेव्हाच. गर्दी पांगवणं हे त्यात बसत नाही. गर्दीत एखादा बंदूकवाला शिरला तर? तर त्या एकासाठी मागे, नजरेआड, ठरलेलं पथक असू द्या, पुढच्या रांगेत रायफल नको. समोर रायफल दिसली की शांतपणे उभा असलेला माणूसही घाबरतो नाहीतर पेटतो, दोन्हीत पोलिसांचंच काम अवघड होतं.

सैन्याची जुनी हत्यारं फुकटात मिळत असतील तर घेतली म्हणून काय बिघडलं?

अमेरिकेत १०३३ नावाची योजना आहे, १९९० च्या दशकापासून सैन्याकडचं जादा सामान पोलिसांना जवळपास फुकट जातं, हजारो पोलिस खात्यांनी ते घेतलं. २०१७ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी एक अस्तित्वात नसलेलं खातं कागदावर उभं करून अर्ज केला, आणि त्या बनावट खात्याला सुमारे १२ लाख डॉलरचं सामान मिळून गेलं. तपासणी किती ढिली होती ते यावरून कळतं.

फुकट फक्त रायफल असते. गोळ्या, सराव, दुरुस्ती, कुलुपाची पेटी, रजिस्टर, वर्षातून अनेकदा माणसं रेंजवर नेण्याचा खर्च, हे सगळं खात्याच्या गळ्यात पडतं, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री सरावालाच लागते. सराव नसलेल्या हातातली फुकटची रायफल कोणाला नको. ज्या खात्याला सरावाचा खर्च झेपत नाही त्याने ती घेऊच नये.

ज्या देशांत साधे पोलिस बंदूकच ठेवत नाहीत, ते काय करतात?

इंग्लंड-वेल्समध्ये दहा टक्क्यांपेक्षाही कमी पोलिसांना बंदुकीची परवानगी आहे. सशस्त्र पथकाच्या गाड्या फिरत असतात, त्यात रायफली कुलुपात. ३ जून २०१७ ला लंडन ब्रिजला तिघांनी गाडी आणि सुऱ्यांनी आठ जणांना मारलं, पहिला फोन आल्यापासून आठ मिनिटांत सशस्त्र पोलिसांनी तिघांनाही संपवलं. ४६ गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातली एक तिथल्या एका सामान्य माणसाच्या डोक्याला लागली, तो वाचला. म्हणजे उत्तम तयारीचे लोक असले तरी गोळी भलतीकडे जाते, हे धरूनच चालायला हवं. तरी तिथे पोलिसांनी प्रत्यक्ष गोळी झाडल्याच्या घटना वर्षाला मोजक्याच असतात, आणि कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर चौकशी स्वतंत्र संस्थेकडे जाते.

न्यूझीलंडमध्ये पोलिसांची पिस्तुलं आणि रायफली गाडीत कुलूपबंद असतात. क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये मार्च २०१९ ला ५१ लोक मारले गेले, त्यानंतर तिथे कायम सशस्त्र फिरणारी पथकं तीन भागांत सहा महिने चालवून बघितली. लोकांनी, विशेषतः माओरी आणि पॅसिफिक समाजाने, जोरात विरोध केला आणि जून २०२० मध्ये पोलिस प्रमुखांनीच ती पथकं नकोत असं जाहीर केलं. गाडीतल्या रायफली मात्र राहिल्या. मला हा तोल योग्य वाटतो.

रायफली आल्याने गुन्हे कमी होतात का?

कमी होतात असं भरवशाने दाखवता आलेलं नाही. १०३३ च्या सामानावर आधी काही अभ्यासांनी गुन्हे घटतात असं म्हटलं, नंतरच्या संशोधकांनी आकडेवारीच कच्ची होती हे दाखवून दिलं. २०१८ मध्ये प्रिन्स्टनच्या एका संशोधकाने मेरीलँड राज्यातल्या स्वॅट पथकांच्या नोंदी तपासल्या, त्यात गुन्हे कमी झाल्याचं किंवा पोलिस जास्त सुरक्षित झाल्याचं काही दिसलं नाही, पण लष्करी थाटातले पोलिस बघून लोकांचा पोलिसांवरचा विश्वास मात्र कमी झाला. रायफल हे दुर्मीळ प्रसंगासाठीचं साधन आहे, घरफोडी आणि पाकीटमारीवर तिचा काही उपयोग नाही.

पोलिसांच्या जिवाची काहीच किंमत नाही का?

आहे. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या एकेची नळी धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण कोणत्याही पोलिसावर तशी वेळ यावी असं कोण म्हणेल, शौर्याच्या नावाखाली माणसाला रिकाम्या हाताने पुढे ढकलायचं हे पाप आहे.

फक्त पोलिस वाचवायचे असतील तर यादीत रायफलच्या आधी बऱ्याच गोष्टी येतात. रायफलची गोळी अडवणारी प्लेट असलेलं जॅकेट, ढाल, चालणारा वायरलेस, रक्त थांबवायची पट्टी आणि ती बांधायचं शिक्षण. यातल्या एकाही गोष्टीने दुसऱ्या कोणाचा जीव जात नाही, म्हणून त्या आधी घ्या.

ट्रेनिंग पुरेसं आहे हे कसं ओळखायचं?

कागदी टार्गेटवर उजेडात, उभं राहून, घाई नसताना किती गोळ्या लागल्या यावर जाऊ नका. अंधारात, धाप लागलेली असताना, माणसांची पळापळ चालू असताना गोळी न झाडण्याचा निर्णय घेता येतो का हे बघायचं. पिस्तुलाच्या परीक्षेत पास म्हणजे रायफलीत पास असं नसतं. रायफलची दुर्बीण त्या त्या माणसासाठी झिरो केलेली, म्हणजे त्याच्या नेमाप्रमाणे जुळवलेली हवी, एकाची रायफल दुसऱ्याने उचलली की नेम सरकतो. परीक्षा वर्षातून एकदाच नाही, अनेकदा हवी, आणि नापास झाला तर त्या दिवसापासून किल्ली काढून घ्यायची, वशिला नाही की सिनियॉरिटी नाही.

आमच्या भागातले पोलिस रायफली घेणार म्हणतायत, त्यांना काय विचारावं?

किती घेताय यापेक्षा कुलूप कोण उघडणार हे आधी विचारा. कुठल्या प्रसंगी उघडणार ते लिहून ठेवलंय का आणि ते लोकांना वाचायला मिळेल का. गोळी कुठल्या प्रकारची वापरणार. रायफल बाहेर निघाली पण झाडली नाही, त्याची नोंद होते का, कारण माणसावर रोखणं हाही बळाचा वापरच आहे आणि तो मोजला नाही तर वाढत जातो. बॉडी कॅमेरा चालू नसेल तर काय शिक्षा. गोळीबार झाला तर चौकशी त्याच खात्यातले लोक करणार की बाहेरचे. मोर्च्यात वापरणार नाही हे लेखी देतात का. आणि पुढच्या वर्षी सरावाचे पैसे कमी पडले तर रायफली परत शस्त्रागारात जमा करणार का.

हे प्रश्न विचारल्यावर जे अधिकारी वैतागतात त्यांच्यापेक्षा जे वही काढून उत्तरं दाखवतात त्यांच्या हातात किल्ली द्यायला माझी हरकत नाही.